वर्ग, मोबाइल आणि अभ्यास: नागपुरातल्या एका कॉलेजात सारखे विचारले जाणारे प्रश्न

ॲडमिशन सुरू झाल्या की दर वर्षी हेच प्रश्न येतात. कधी स्टाफरूमच्या दारात चपला काढू की नको अशा विचारात उभे असलेले पालक विचारतात, कधी पोरं, कधी नवीन लागलेले सीएचबीवाले, म्हणजे तासाच्या पैशावर शिकवणारे, सर-मॅडम. मी बीए-बीकॉमला अर्थशास्त्र शिकवते, १९ वर्षं झाली. माझी अर्धी पोरं शहरातली, महाल, सक्करदरा, मानेवाडा इकडची, आणि अर्धी उमरेड, कुही, मौदा, पारशिवनी साइडची, काही एसटीने येजा करतात तर काही चौघं मिळून रूम करून राहतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते म्हटलं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. माहिती पोचायला आता एक सेकंद पुरतो, पण ती समजायला आधी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. त्यात काडीचाही फरक पडलेला नाही. माझी सगळी ओढाताण या दोन वेळांच्या मधल्या जागेत चालते.

प्र. वर्गात मोबाइल सरळ बंदच का नाही करून टाकत?

केला होता, पूर्ण एक वर्ष. दारात खोका ठेवला होता, येताना फोन त्यात टाकायचा आणि जाताना घ्यायचा. पहिले आठ दिवस वर्ग एकदम शांत. मग ज्यांच्याकडे दोन फोन ते जुना टाकायला लागले आणि नवीन खिशात. एका मुलीची आई मेडिकल हॉस्पिटलमध्ये भरती होती, तिला फोन नाही लागला, ती रडत माझ्याकडे आली तेव्हा मला काय बोलावं तेच सुचलं नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मलाच फोन लागायला लागला शिकवताना. मौद्रिक धोरण शिकवताना पुस्तकातला आकडा जुना असतो, पोरांना म्हणते काढा फोन, रिझर्व बँकेच्या साइटवर जा. २०२० च्या मे महिन्यात ४ टक्क्यांवर आणलेला रेपो रेट (रिझर्व बँक बाकी बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) २०२३ च्या फेब्रुवारीत ६.५ टक्क्यांवर कसा गेला ते पोरं स्वतः शोधतात आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतं मॅडम तेव्हाच आमच्या घराच्या लोनची मुदत वाढली होती, बाबा बँकेत जाऊन भांडले होते. तो तास कोणी विसरत नाही.

म्हणून आता नियम असा आहे: पहिली २५ मिनिटं फोन बॅगेत, नंतर मी सांगेन तेव्हा बाहेर. बाकावर उलटा ठेवलेला चालत नाही, बॅगेतच. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग छापला होता, की फोन नुसता समोर पडलेला असला, वाजला नाही, हातात घेतला नाही तरी लक्ष थोडं कमी पडतं, दुसऱ्या खोलीत असला तर बरं काम होतं. नंतर दुसऱ्यांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना तेवढा फरक दिसला नाही, त्यामुळे मी त्याला देववाणी मानत नाही. पण माझ्या वर्गात मला जे दिसतं ते असंच आहे. फोन बाकावर असला की हात आपोआप तिकडे जातो, पोराला कळतही नाही की गेला.

प्र. मॅडम, फळ्याचा फोटो घेतला न, लिहाचं काऊन?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारं पोरगं आळशी असतं असंही नाही, त्याला खरंच वाटतं की काम झालं.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. मागणी-पुरवठ्याची आकृती काढली, बाजूला झाले, तर मागच्या तीन बाकांवरून एकदम हात वर, सात-आठ फोन, क्लिक क्लिक, आणि लगेच सगळे खाली. पंधरा दिवसांनी त्यातल्या एकाला म्हटलं, बाळा तो फोटो दाखव. तो गॅलरी वर सरकवत राहिला. मित्राच्या वाढदिवसाचा केक, फुटाळ्यावरचे सेल्फी, गाडीच्या इन्शुरन्सचा कागद, परत केक, मग आमचा फळा, पण तो राज्यशास्त्राचा निघाला. आकृती सापडली तोवर चार मिनिटं गेली असतील. मी फोन उलटा केला आणि विचारलं, किंमत कोणत्या अक्षावर होती? त्याला नाही आलं. मुलगा हुशार आहे, दहावीला ८६ टक्के होते. पण ती आकृती फोनमध्ये होती, त्याच्याकडे नव्हती.

हाताने लिहिण्याबद्दल २०१४ मध्ये एक अभ्यास खूप गाजला होता, लॅपटॉपवर नोट्स घेणारे शब्दन् शब्द उतरवतात आणि हाताने लिहिणारे निवडून लिहितात म्हणून त्यांना जास्त समजतं असा. २०१९ मध्ये तोच प्रयोग परत केला तर फरक बराच कमी निघाला. म्हणजे पेनात जादू नाहीये, निवडण्यात आहे. काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना डोकं चालतं, फोटो काढताना ते चालवायची गरजच पडत नाही.

मी आता काय करते की आकृती काढते, सगळ्यांना वहीत काढायला लावते, मग फळा पुसते आणि म्हणते वही बंद, कोऱ्या पानावर आठवून काढा. कुरकुर होते. पण आठवून काढण्याचा फायदा नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा टिकाऊ असतो हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवरच प्रयोग करून दाखवलंय. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आमची हिवाळी परीक्षा तर काही महिन्यांनी असते. फोटो काढायला माझी ना नाही, पण वहीतलं झाल्यावर काढा.

प्र. यूट्यूबवर सगळं आहे, मग कॉलेजात यायचं कशाला? नुसतं ७५ टक्के हजेरीसाठी?

यूट्यूबवर खरंच खूप आहे आणि त्याचा मला आनंद आहे, हे आधी सांगते. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेने मिळून २००३ मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन लेक्चर्सचा उपक्रम सुरू केला, त्याची हजारो लेक्चर्स फुकट पडलेली आहेत. मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे एक पुस्तक होतं, सीताबर्डीवरून सेकंडहँड आणलेलं, त्यात कोणीतरी पेनाने रेघा मारून ठेवलेल्या, आणि त्या अनोळखी माणसाला जे महत्त्वाचं वाटलं तेच आम्हालाही महत्त्वाचं वाटायचं. आज मौद्याचा पोरगा रूमवर बसून आयआयटीच्या प्रोफेसरचं ऐकतो, आणि त्याच्या घरात याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही.

पण व्हिडिओ बघताना समजल्यासारखं वाटतं आणि बंद केला की हातात काही राहत नाही, हा अनुभव प्रत्येक पोराला आहे, विचारून बघा. बोलणारा माणूस सराईत असतो, त्याचं गुळगुळीत बोलणं आपल्याला आपलीच समज वाटायला लागते. वरून दीडपट स्पीड लावलेला असतो. वर्गात मी समवृत्ती वक्र (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्या दाखवणारी रेघ) शिकवत असते आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडते, मी थांबते, विचारते कुठे अडलं, ती म्हणते कुठे नाही मॅडम, मी म्हणते सांग ना, मग ती हळूच म्हणते की हे दोन वक्र एकमेकांना कापत का नाहीत तेच नाही समजलं. तिने विचारलं म्हणून निम्म्या वर्गाला कळलं की आपल्यालाही ते समजलेलं नव्हतं. हे सगळं होण्यासाठी एका खोलीत एकत्र बसावं लागतं.

मला विचाराल तर आधी वर्ग, मग घरी व्हिडिओ, आणि व्हिडिओ मध्येच थांबवून वहीत लिहायचं. आणि कोणता तास नुसता पुस्तक वाचून दाखवण्यात जात असेल तर त्या तासाला पोरं का येत नाहीत याचा विचार आम्ही शिक्षकांनीच करायला पाहिजे, हजेरीचा धाक दाखवून ते सुटणार नाही.

प्र. स्वयमचा कोर्स केला तर क्रेडिट खरंच धरतात का?

नियमात आहे. स्वयम हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल २०१७ च्या जुलैत सुरू झालं आणि २०२१ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करू द्यायला विद्यापीठांना परवानगी आहे. पण कोर्स आपल्या विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीत आहे का ते नाव नोंदवायच्या आधी विभागात विचारा, नंतर नाही. कोर्स फुकट असतो पण सर्टिफिकेटसाठी परीक्षेला बसावं लागतं, त्याची फी वेगळी. आणि एबीसी (क्रेडिटची बँक, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढून ठेवा, डिजिलॉकरवरून निघतो, क्रेडिट त्यातच जमा होतात. नाव आधारवर जसं आहे तसंच मार्कशीटवर असू द्या, एका अक्षराच्या फरकासाठी पोरं महिना महिना चकरा मारतात.

प्र. ऐकता ऐकता एखादा मेसेज पाहिला तर काय बिघडतं? आमची पिढी दोन्ही करू शकते.

दोन्ही एकदम होत नाही, डोकं इकडून तिकडे उड्या मारतं, आणि प्रत्येक उडीत थोडं मागे सांडतं. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये यावर लिहिलंय की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो. तुम्ही मेसेज वाचला पाच सेकंदात, पण त्यात लिहिलंय "तू काल काऊन नाही आली", आता पुढचा अर्धा तास तुम्ही तिला काय उत्तर द्यायचं त्यातच असता. माझं लेक्चर कानावर पडत असतं एवढंच. आणि शेजारच्याचंही नुकसान होतं, त्याची नजर तुमच्या स्क्रीनवर असते.

प्र. मॅडम, रात्री ११ ला मेसेज केला तर उत्तर का देत नाही? ऑनलाइन तर दिसता.

याचं उत्तर जरा लांब आहे, कारण यात माझी एक चूकही आहे.

आधी कॉलेजला बंद व्हायची वेळ होती. पाच वाजता शिपाई कुलूप लावायचा आणि मग मी घरी आणि पोरं घरी. आता कॉलेज खिशात येतं सोबत. माझ्या फोनवर आज वर्गांचे चार ग्रुप आहेत, विभागाचा एक, परीक्षेचा एक, नॅकचा (कॉलेजच्या मूल्यांकनाचा) एक, एनएसएसचा एक, शिवाय प्राचार्यांचा. सकाळी तर्री पोह्यांची प्लेट हातात असते आणि कोणीतरी रात्रीच टाकलेली नोटीस वाचून मी तशीच पळते.

चार वर्षांपूर्वी मीच एकदा रात्री सव्वाअकराला ग्रुपवर टाकलं की उद्याची इंटर्नल टेस्ट अकराऐवजी नऊला होईल. सगळ्यांचे अंगठे आले. सकाळी टेस्ट झाली, पेपर गोळा केले, आणि पावणेअकराला कुहीहून येणारी माझी एक विद्यार्थिनी वर्गाच्या दारात उभी, हातात पॅड, पेन्सिल छिलून आणलेली. तिच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. ग्रुपमध्ये नंबर तिच्या वडिलांचा, आणि ते रात्री नऊला झोपतात, पहाटे शेतावर जातात. ती मला काही बोलली नाही, नुसती म्हणाली हो का मॅडम, ठीक आहे. मी तिची टेस्ट वेगळी घेतली पण तो चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. सगळ्यांचे अंगठे आले असं मला नुसतं वाटलं होतं, त्यात तिच्या वडिलांचा नव्हताच, मी मोजलेच नव्हते अंगठे.

तेव्हापासून मी ठरवलं, ज्या गोष्टीला मार्क आहेत ती नोटीस बोर्डावर दोन दिवस आधी लागणार, ग्रुपवर फक्त तिची आठवण. संध्याकाळी सातनंतर मी अभ्यासाचं काही टाकत नाही आणि रविवारी ग्रुप बंद.

आता दुसरी बाजू. तुम्ही रात्री ११ ला गणिताचा फोटो टाकून विचारता मॅडम हे कसं सोडवायचं. मी उत्तर देऊ शकते, दोन मिनिटांचं काम आहे. पण मी मुद्दाम सकाळी देते, आणि दहातल्या चार-पाच वेळा सकाळी मी फोन उघडते तेव्हा त्याच्याच खाली तुमचाच मेसेज असतो, पहाटे सहाचा, "मॅडम आलं, झालं". ते येतं कारण रात्रभर ते डोक्यात घोळत राहिलं. मी लगेच सांगितलं असतं तर उत्तर मिळालं असतं पण ते घोळणं मिळालं नसतं, आणि अर्थशास्त्र त्या घोळण्यातूनच येतं. आमच्या वेळी सर भेटणार दुसऱ्या दिवशी, म्हणून आपोआप तेवढी रात्र मिळायची. आता ती मुद्दाम द्यावी लागते. (घरी काही अडचण असेल, त्रास असेल, तब्येत असेल तर रात्री दोनलाही फोन करा, मी उचलेन.)

प्र. लॉकडाउनमध्ये सगळं ऑनलाइन झालंच होतं की, मग आता का नाही?

झालं होतं म्हणजे काय झालं होतं ते मी पाहिलंय. २०२० च्या मार्चमध्ये वर्ग बंद झाले आणि मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकांची चवड रचून त्यावर फोन टेकवून शिकवायला बसले. स्क्रीनवर ६० नावं आणि एकही चेहरा नाही. मी विचारायची समजलं का, शांतता, मग कोणीतरी येस मॅम टाइप करायचं. एक मुलगा रोज धुऱ्यावरच्या झाडावर चढून जॉइन व्हायचा, घरात रेंज येत नव्हती, पाऊस सुरू झाला की तो गायब. एका घरात तीन भावंडं आणि एक फोन, त्यात सगळ्यात धाकट्याची शाळा आधी, मोठीचं बीए शेवटी. बहुतेक घरांत मुलीचाच नंबर शेवटी लागला, हे मला हजेरी पाहूनच कळायचं.

परीक्षा पर्याय निवडायच्या झाल्या. नंतर जेव्हा परत तीन तासांचा लेखी पेपर आला तेव्हा पोरांचे हात दुखायला लागले दीड तासात. हे मी अक्षरशः सांगतेय, पेन ठेवून बोटं चोळत बसायचे. दोन वर्षं कोणी सलग चार पानं लिहिलीच नव्हती. आणि नुसतं हाताचं नाही, एक मुद्दा धरून चार पानं चालत राहायची सवयच मोडली होती, ती परत बसवायला पुढची दोन वर्षं गेली.

तरी काही चांगलंही राहिलं. पूर्वी पुण्याच्या किंवा दिल्लीच्या प्राध्यापकाला बोलवायचं म्हणजे रेल्वेचं तिकीट, राहणं, मानधन, आमच्यासारख्या कॉलेजला कुठून परवडणार. आता तासभर ऑनलाइन येतात लोक, आणि बहुतेक जण एका मेलवर हो म्हणतात. ते मी सोडणार नाही.

प्र. असाइनमेंट चॅटजीपीटीने लिहिलं तर तुम्हाला कळतं का?

बऱ्याचदा कळतं, पण सिद्ध करता येत नाही आणि मी ते सिद्ध करायच्या मागेही लागत नाही. चॅटजीपीटी २०२२ च्या ३० नोव्हेंबरला आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयनेच एआयचं लिखाण ओळखायचं एक टूल काढलं होतं आणि २०२३ च्या जुलैत ते बंदही केलं, नीट ओळखता येत नव्हतं म्हणून. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांनी स्वतः लिहिलेलं इंग्रजीसुद्धा अशी टूल्स मशीनचं म्हणून दाखवतात हेही अभ्यासात दिसलंय. आमची पोरं तर घरी वऱ्हाडी बोलतात, शाळेत मराठी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा. अशा टूलच्या भरवशावर मी कोणाला चोर म्हणणार नाही.

मी प्रश्नच बदलला. आधी विचारायची "कृषी विपणनातील समस्या स्पष्ट करा", आणि ४० जणांकडून एकच उत्तर यायचं, तेच सात मुद्दे त्याच क्रमाने. आता म्हणते कळमन्याच्या मार्केटला जा, संत्र्याचा लिलाव पहा, एका शेतकऱ्याशी बोला, त्याच्या एका क्रेटचा हिशोब आणा. अंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाचा, माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरला येतो, आमचं सेमिस्टर नेमकं तेव्हाच चालू असतं. मागच्या वर्षी एका मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर काटोलच्या एका काकांनी स्वतःच्या हाताने हिशोब लिहून दिला होता, निळ्या रिफिलने, तोडणीची मजुरी, गाडीभाडं, भराई, उतराई, आणि खाली रेघ मारून जे उरलं ते, आणि त्या आकड्याभोवती दोनदा गोल. पानाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. ती वर्गात ते वाचून दाखवताना शेवटच्या आकड्यावर थांबली, मग म्हणाली मॅडम हे तर फवारणीच्या खर्चाएवढंही नाही. मग तिनेच फोन काढून त्या दिवशीचा भाव आणि दुसऱ्या शहरातला किरकोळ भाव शोधला आणि फरक फळ्यावर मांडला. चॅटजीपीटीने तिला तक्ता सुबक करून दिला असेल, दिला असू दे. आकडा तिने आणला होता.

आणि प्रत्येक असाइनमेंटनंतर पाच मिनिटं तोंडी, कागद माझ्याकडे, बोलणार तुम्ही. ६० पोरं आणि प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे माझे पाच तास जातात, दर वेळी. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

प्र. १० टक्के कॉपी चालते म्हणतात, खरं का?

नाही. २०१८ च्या यूजीसी नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही एवढंच आहे, तेही मुख्यतः शोधप्रबंध वगैरेंसाठी. एक अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा उचलला आणि टक्के ९ आले तरी तो उचललेलाच.

प्र. नेटवर सगळं इंग्रजीत आहे, मराठी माध्यमाच्या पोरांनी काय करायचं?

हे दुखणं खरं आहे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं मराठीत पेपर लिहितात. त्यांनी मागणीची लवचिकता असं शोधलं तर चार जुनाट पीडीएफ आणि क्लासच्या जाहिराती येतात, तेच इंग्रजीत शोधलं तर समुद्र. मग पोरं भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतात आणि तिथून कधी इतकी वेगळी संज्ञा येते की पेपर तपासणाऱ्याला कळतच नाही हे कशाबद्दल लिहिलंय.

मी पहिल्या महिन्यात एक वही करायला लावते, डावीकडे विद्यापीठाच्या पुस्तकातली मराठी संज्ञा, उजवीकडे तीच इंग्रजीत, देवनागरीत लिहिली तरी चालेल, नुसता उच्चार आला पाहिजे म्हणजे व्हिडिओत ऐकली की ओळखता येते. लवचिकता, सीमांत उपयोगिता, मौद्रिक धोरण, राजकोषीय तूट, असे दीडशे शब्द झाले की पोरगं मोकळं फिरायला लागतं. आणि मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे हे अर्ध्या पोरांना माहीतच नसतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आकडे जुने असतील पण संकल्पना समजावून सांगायची त्याची मराठी अजूनही पहिल्या नंबरची आहे.

आपण मराठीत चांगलं लिहून नेटवर टाकलं पाहिजे ही जबाबदारी शिक्षकांची आहे, पोरांची नाही. मी गेल्या वर्षी १४ नोट्स टाकल्या. थोड्या आहेत, वाढवतेय.

प्र. लायब्ररीत अजून कोणी जातं का?

वाचनकक्ष भरलेला असतो, पण स्पर्धा परीक्षेवाल्यांनी, स्वतःची पुस्तकं घेऊन. कपाटं मात्र शांत. तरी कॉलेजला एन-लिस्ट ही ऑनलाइन लायब्ररीची सोय असेल तर लायब्ररीतून लॉगिन मागून घ्या, हजारो ई-जर्नल आणि ई-बुक्स त्यावर मिळतात, मागायला कोणी जातच नाही. शोधगंगेवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत. आणि ग्रंथपालांशी बोला, त्यांना विचारणारं कोणी भेटलं की ते अर्धा दिवस तुमच्यासाठी घालवतात.

प्र. पोरगं रातभर मोबाइलच पाहून रायलं, म्हणते अभ्यास करतो. आम्ही कसं ओळखाचं?

फोन हिसकू नका, लपून बघूही नका. सकाळी चहाच्या वेळी म्हणा, काल काय वाचलं ते मला सांग, मला समजेल असं. तुम्ही चौथी शिकलेले असा की एमए, फरक पडत नाही. ज्याने वाचलंय तो पाच मिनिटं बोलतो, अडखळत का होईना. दोन-तीन दिवस विचारलं की त्याचं त्यालाच कळतं.

रात्री चार्जर समोरच्या खोलीत ठेवा, सगळ्यांचाच, तुमचा फोनही तिथेच. झोप झाली नाही तर दिवसभर वाचलेलं टिकत नाही, आणि सकाळी साडेसातच्या तासाला माझ्यासमोर जी लाल डोळ्यांची रांग बसते तिला मी काहीही शिकवलं तरी पोचत नाही.

आणि हात जोडून एक सांगते, मार्क कमी आले म्हणून मुलीचा फोन काढून घेताना आधी विचार करा. मुलाला रागावता आणि मुलीचा फोनच बंद करता, हे मी दर सेमिस्टरला पाहते. तिच्या नोटीस, तिचे फॉर्म, तिची स्कॉलरशिप, तिच्या मैत्रिणी, सगळं त्यातच आहे. फोन गेला की दोन महिन्यांत ती कॉलेजातूनही जाते.

प्र. शिक्षकांचं काम तर सोपं झालं असेल ना?

काही बाबतीत हो. पण दिवसाचा मोठा भाग अपलोड करण्यात जातो. कार्यक्रम झाला की जिओटॅग फोटो, अहवाल, लिंक, फीडबॅक फॉर्म, परत तेच दुसऱ्या पोर्टलवर दुसऱ्या साइजमध्ये. सीएचबीवर असलेल्या मुलांना तर तासाचे पैसे मिळतात आणि हे सगळं तासाच्या बाहेर. त्यांनी रात्री ग्रुपवर उत्तर दिलं नाही तर त्यांच्यावर रागावू नका.

प्र. नेट पॅक संपला किंवा गावात रेंज नाही, मग नोट्स कशा मिळणार?

मी वहीच्या पानांचे फोटो जोडून पीडीएफ करायची तेव्हा ती ४० एमबीची व्हायची, दिवसाच्या डेटाचा केवढा तुकडा एका नोटमध्ये. आता टाइप करून टाकते, ती एका फोटोपेक्षाही हलकी होते. व्हिडिओ टाकत नाही, आठ-दहा मिनिटांचा ऑडिओ टाकते, तो एसटीत खिडकीला टेकून ऐकता येतो, स्क्रीन बंद ठेवून. कॉलेजच्या वायफायवर शनिवारी दुपारी सगळं एकदम उतरवून घ्या, तेव्हा गर्दी नसते.

आणि कागदावरचा संच गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्या भाऊंकडे ठेवलेला असतो, पिवळ्या फाइलमध्ये, वर विषयाचं नाव लिहिलंय. एका युनिटची साधारण १२ पानं होतात. ज्यांच्याकडे तेवढेही पैसे नसतील त्यांनी मधल्या सुट्टीत विभागात येऊन माझ्याकडून घेऊन जायचं, मी वरच्या ड्रॉवरमध्ये पाच संच नेहमी ठेवते, वहीत नाव लिहावं लागत नाही.